दहाचं रीडिंग

आबा टीव्ही उभ्याने पाहायचे. घरात सोफा होता, खुर्च्या होत्या, अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, खास त्यांच्यासाठी आणलेली एक वेताची आरामखुर्चीही होती, पण ती धुतलेले कपडे ठेवायच्या कामी यायची. हात मागे बांधून, चष्मा कपाळावर चढवून, पडद्यापासून चार पावलांवर ते उभे राहायचे आणि भाग संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. चष्मा कपाळावर कशाला, असं विचारलं तर सांगायचे, "तो लिहायला लागतो. पाहायला नाही." आणि पाहायचे काय, तर अंतराळयानांच्या मालिका. कीर्तन नाही, बातम्या नाहीत, सासवा-सुना तर नाहीतच. जळगावच्या पंचेचाळीस अंशांत पडदे ओढून, कूलरसमोर, सत्तरीकडे झुकलेला एक माणूस परग्रहावर निघालेल्या लोकांच्या चुका शोधत उभा आहे, हे दृश्य मी तीन वर्षं पाहिलं.

मी त्यांची भाडेकरू होते. धुळ्याहून जळगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायला आले होते, आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या एका संकेतस्थळासाठी मालिकांची परीक्षणं लिहायचे. दर शुक्रवारी पहाटे विज्ञानकथेचा नवा भाग यायचा. तो पाहायचा आणि दुपारी बाराच्या आत त्यावर लिहून पाठवायचं. हे काम मी कुणाला सांगत नसे. धुळ्याला आमचे वडील पाहुण्यांना 'ती कॉम्प्युटरवर काहीतरी करते' एवढंच सांगून विषय बदलायचे. मुलगी घरबसल्या टीव्ही पाहते आणि त्याला काम म्हणते, हे सांगायला त्यांना लाज वाटायची. खरं सांगायचं तर मलाही वाटायची.

खोली पाहायला गेले तेव्हा आबांनी मला ओट्यावरच उभं केलं आणि विचारलं, "काम काय करता?"

कॉलेजचं सांगितलं.

"आणि?"

आधीच्या दोन घरमालकांनी लग्नाचं विचारलं होतं, मटण-मासे चालतात का ते विचारलं होतं. 'आणि' कुणी विचारलं नव्हतं. मी चाचरत म्हटलं की मालिकांचे भाग पाहते आणि त्यात काय झालं, कसं झालं, ते लिहिते. आबा आत वळून म्हणाले, "ऐकस का, चहा ठेव. ह्या ताई लॉग लिहितात."

लॉग म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आबांनी चहा होईस्तोवर समजावून सांगितलं. ते एका औष्णिक वीजकेंद्रात ऑपरेटर होते. कुठल्या, ते मुद्दाम लिहीत नाही. तिथे दर तासाला प्रत्येक यंत्रापाशी जायचं, त्याचं तापमान, दाब पाहायचा आणि एका मोठ्या रजिस्टरात लिहायचं. काही बिघडलं तर किती वाजता बिघडलं, कोणी काय केलं, तेही लिहायचं. पाळी बदलताना नव्या माणसाने ते सगळं वाचायचं, सही करायची, आणि मगच जुन्याने घरी जायचं. "लॉग लिहिणारा नसेल ना ताई, तर काय झालं होतं ते कुणालाच कळत नाही. मोठं काम आहे तुमचं," ते म्हणाले.

माझ्या कामाला मोठं म्हणणारा तो पहिला माणूस. त्या संध्याकाळी मी सामान हलवलं. आज मी हेच काम ताठ मानेने करते, आणि वडीलही आता पाहुण्यांसमोर विषय बदलत नाहीत. याची सुरुवात त्या ओट्यावर झाली, हे मी कधी विसरणार नाही.

आबांचा स्वतःचाही लॉग होता. निवृत्तीनंतर त्यांनी तसलंच लांबरुंद रजिस्टर बाजारातून आणलं, पट्टीने चार रकाने आखले आणि पाहिलेल्या प्रत्येक भागाचा अहवाल लिहायला घेतला. वेळ. काय झालं. कोणी केलं. काय करायला हवं होतं. मी गेले तेव्हा सहावं रजिस्टर चालू होतं. यानाला ते 'युनिट' म्हणायचे आणि कप्तानाला 'शिफ्ट इन्चार्ज'. त्या शिफ्ट इन्चार्जवर त्यांचा भारी राग. "नवा ग्रह दिसला रे दिसला की हा आपला चार माणसं घेऊन खाली उतरतो. मुख्य माणूस खुर्ची सोडून जातोच कसा? वर काय चपराशी युनिट चालवतो?" पॅनलमधून ठिणग्या उडाल्या की म्हणायचे, "पाहा. अर्थिंग नाही. सात भाग झाले, मी लिहून राहिलो, अर्थिंग नाही." एवढ्या मोठ्या यानात झाडू मारताना कुणीच दिसत नाही आणि फिटर तर औषधालाही नाही, ही त्यांची कायमची तक्रार होती. "सगळे साहेबच साहेब. नट कोण कसतं यांच्याकडे?"

माझी परीक्षणंही ते वाचायचे, पण आपला अहवाल लिहून झाल्यावर. नक्कल नको म्हणून. मग फोन हातात धरून जिना चढून यायचे. "तुम्ही लिहिलंय, भाग संथ आहे. कितव्या मिनिटापासून संथ आहे?" मी काहीतरी सांगायचे. "बरं. आणि कशामुळे?" सुरुवातीला मला वैताग यायचा. एकदा मी लिहिलं होतं की नायिकेचा अभिनय लक्षणीय आहे. आबा म्हणाले, "लक्षणीय म्हणजे काय झालं ते सांगा. रडली? का रडायची थांबली?" मी परत जाऊन तो प्रसंग पाहिला. ती रडायची थांबली होती. मुलाचा निरोप ऐकताना तिने हातातलं काम चालूच ठेवलं होतं, आणि सगळी गंमत त्या हातांत होती. मला ते पहिल्यांदा दिसलंच नव्हतं. त्यानंतर मी 'लक्षणीय' हा शब्द वापरलेला नाही.

प्रत्येक अहवालाखाली आबांची सही, आणि त्याच्याखाली 'वाचले' असं लिहून एक रेघ. त्या रेघेवर अक्का सही करायच्या. न वाचता. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अवं, मी सही नही करी तर हा मानूस जेवाले बठस नही. मंग वरन गार व्हयी जास." मी राहायला गेल्यावर त्यांनी तो पेन माझ्या हातात दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र वाचून सही करायचे. वाचण्यासारखं असायचं म्हणून.

बाकी घरातही सगळं जागेवर जाऊन पाहायचं, हा त्यांचा नेम होता. टाकीत पाणी किती ते सांगणारा दिवा खाली बसवलेला होता, तरी आबा रोज सकाळी जिना चढून झाकण उघडून पाहायचे. ओट्यावर तापमापक टांगलेला, तो दुपारी दर तासाला बघून यायचे. मी म्हटलं, आबा, फोनवर दिसतं की. तर म्हणाले, "फोन जळगावचं सांगतो. मला आपल्या ओट्याचं पाहिजे." रावेरच्या भाच्याने केळीचा घड पाठवला की तो जिन्याखाली टांगायचे आणि रोज प्रत्येक फणीवरून हात फिरवून 'ही उद्या दुपारी' असं जाहीर करायचे. केळी उद्या दुपारीच पिकायची. अक्का म्हणायच्या, पिकली नाही तर हे तिला मेमो देतील.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात बसत नव्हती. महिन्यातून एकदा आबा इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टँडवर जायचे. अमळनेरची बस लागायची, भरायची, सुटायची, आणि आबा घरी परत यायचे. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाला सोडायला जात असतील. मग अक्कांनी सांगितलं. अमळनेरला एक फिटर राहतो. दोघं एकाच वीजकेंद्रात कामाला होते. त्याला जाऊन काहीतरी सांगायचं आबांच्या मनात आहे आणि अठ्ठावीस वर्षं ते सांगणं होत नाही. काय सांगायचं आहे, ते अक्कांनाही ठाऊक नव्हतं. "इचारं तर चार दिन बोलत नही," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे न पाहता, "त्या मानसाना जीव ऱ्हाई तवलोंग गया म्हंजे झायं." फिटरचं वय झालं होतं. आबांचंही झालं होतं. त्यानंतर दर महिन्याला आबा तो शर्ट घालून निघाले की मलाही वाटायचं, आज जाऊ देत. आणि अर्ध्या-पाऊण तासाने फाटक वाजायचं.

आता माझं पाप सांगते.

त्या शुक्रवारी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि सकाळी आमच्या वस्तीतला ट्रान्सफॉर्मर गेला. भागाची पहिली तीस मिनिटं पाहून झाली होती, शेवटची पंधरा राहिली होती. गोष्ट अशी होती की हजारो झोपलेली माणसं घेऊन एक यान लांब निघालं आहे. हवेच्या यंत्राचा रखवालदार दर फेरीला जागेवर न जाताच 'तपासले' असं नोंदवतो. एका दालनातली हवा जाते, माणसं मरतात, आणि शिक्षा होते त्या यंत्राची दुरुस्ती करणाऱ्या बाईला. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून फोनवरच लिहून टाकलं की शेवटी अपेक्षेप्रमाणे रखवालदार भर सभेत कबुली देतो, आणि हा शेवट जरा भाबडा वाटतो. बाराला पाच कमी असताना पाठवून दिलं. संपादकांनी शाबासकी दिली.

चारच्या सुमारास आबा जिना चढून आले. हातात फोन.

"शेवट पाहिला का, ताई?"

"हो," मी म्हटलं.

"कितव्या मिनिटाला कबूल करतो?"

मी सांगून टाकलं की वीज गेली होती, वेळ नव्हता, आणि तसंच होणार हे दिसतच होतं.

"नाही करत," आबा म्हणाले. "तोंड उघडतो. बाईकडे पाहतो. आणि तोंड मिटतो. भाग तिथेच संपतो."

मला वाटलं, आता ते रागावतील. ते माझ्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. त्यांना बसलेलं मी जेवणाशिवाय पाहिलंच नव्हतं, त्यामुळे मी घाबरले. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "तुम्ही खुर्चीत बसून रीडिंग भरलं," ते म्हणाले. "मी पण भरलं होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्या काळी रविवारी सकाळी दहाला टीव्हीवर अंतराळाची एक मालिका लागायची. आबांना तिचं वेड होतं. वीजकेंद्राच्या कॅन्टीनमध्ये टीव्ही होता. एका रविवारी पहिल्या पाळीत त्यांनी साडेनऊलाच दहाचं रीडिंग भरून टाकलं. बॉयलरला पाणी देणाऱ्या एका पंपाच्या बेअरिंगचं तापमान. रोज तेवढंच असायचं, तेवढंच लिहिलं, आणि कॅन्टीनला गेले. भाग अर्धा झाला आणि भोंगा वाजला. बेअरिंग जळलं होतं, सील वितळलं होतं, खाली तेलाचं थारोळं. माणूस कुणी दगावला नाही, पण अख्खं युनिट बंद पडलं.

"तिथे पहिला मी पोचलो," आबा म्हणाले. "तेलाच्या नळीचा नट मी हात लावून पाहिला. घट्ट होता. आदल्या दिवशी फिटरने कसला होता, तसाच. तेलाची गाळणी तुंबून बेअरिंग हळूहळू तापत गेलं होतं. मी दहाला जागेवर गेलो असतो तर काटा वर चढलेला दिसला असता."

चौकशी झाली. लॉगमध्ये दहाचं रीडिंग अगदी ठीक होतं. म्हणजे जे झालं ते एकाएकी झालं, म्हणजे तेल एकाएकी सांडलं, म्हणजे नट ढिला राहिला असणार. तोवर सगळं खोलून झालं होतं, नट कुठला नि काय, कोण सांगणार. फिटर निलंबित झाला. परत घेतला गेला, पण बढती कायमची गेली. आबांना समितीने एकच प्रश्न विचारला, रीडिंग तुमच्या हातचं आहे का. आबा म्हणाले, हो.

"आणि तो भाग?" मी विचारलं. हा काही विचारायचा प्रश्न नव्हता, पण तोंडातून गेला.

"अजून पूर्ण पाहिलेला नाही."

मी म्हटलं, आता इंटरनेटवर सगळं मिळतं, शोधून देऊ का. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मग मी विचारलं की एवढं झाल्यावर असल्याच मालिका, हेच विषय कसे बघवतात तुम्हाला. प्रायश्चित्त म्हणून पाहता का. आबांना हसू आलं. "नाही हो ताई. मला आवडतातच. आवडत नसत्या तर मी त्या दिवशी गेलो असतो का?"

ते खाली गेल्यावर मी शेवटची पंधरा मिनिटं पाहिली. रखवालदार तोंड उघडतो, बाईकडे पाहतो, तोंड मिटतो. मग मी खाली जाऊन आबांचा त्या भागाचा अहवाल मागितला. तीन रकाने शेवटच्या, पंचेचाळिसाव्या मिनिटापर्यंत भरलेले होते. 'काय करायला हवं होतं' या रकान्यात त्या ओळीसमोर काही लिहिलेलं नव्हतं. सहा रजिस्टरांत रिकामी राहिलेली ती एकच जागा. मी सही केली आणि वर येऊन संकेतस्थळाला लिहून पाठवलं की सकाळचं परीक्षण चुकीचं आहे, मी शेवट न पाहता लिहिला होता, शेवट असा आहे, आणि तो भाबडा नाही. हे माझ्या नावाने, आधीच्याच जागी छापा.

संपादकांचा फोन आला. एकाही वाचकाच्या लक्षात आलं नव्हतं, मग ही हौस कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी छापाच म्हटल्यावर त्यांनी छापलं आणि ती मालिका माझ्याकडून काढून घेतली. दोन महिन्यांनी परत दिली. त्या दोन महिन्यांत मी रडलेही. आबांना मात्र मी यातलं काही बोलले नाही. त्यांनी ते छापलेलं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी बघायला वर आले तेव्हा माझ्या दाराशी थांबले आणि म्हणाले, "वाचलं." एवढंच. मग टाकीचं झाकण उघडलं.

आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी लग्न होऊन धुळ्याला परत आले आहे आणि अजून हेच काम करते. प्रत्येक भाग दोनदा पाहते, दुसऱ्यांदा मिनिटं टिपत. नवी मुलं हाताखाली आली आहेत, त्यांना मी 'कितव्या मिनिटाला' असं विचारते आणि ती माझ्यामागे माझी नक्कल करतात, हे मला माहीत आहे. करू देत. मला चांगले शिक्षक पुष्कळ लाभले, पण काम कसं करायचं हे मला शिकवलं ते आपल्या कामात एकदा खोटं वागलेल्या एका माणसाने, आणि ते खोटं त्याने माझ्यापासून लपवलं नाही. याबद्दल मी त्यांची किती आभारी आहे, ते त्यांना नीट सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे सांगते.

अमळनेरचं सांगायचं राहिलं. माझी ती दुरुस्ती छापून आल्यावर आठवड्याभराने, सोमवारी सकाळी आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि जिन्याखालून हाक मारली, "ताई, आज कॉलेज आहे का?" नव्हतं. "मग चला. मला बसमध्ये चढवा." मी त्यांना बसमध्ये चढवलं आणि मीही चढले. त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता, त्यावर मधूनमधून हात ठेवायचे.

फिटरचं घर एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे लहानसं अंगण, लोखंडी फाटक. एक उंच, वाकलेला म्हातारा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. आबांना ओळखायला त्याला एक क्षण लागला. "साहेब? या, या. बठा." त्याने आम्हाला आत घेतलं, फाटकाची कडी लावली, दोन पावलं आला, परत गेला, कडी हलवून पाहिली. आमच्यासाठी खाट ओढली आणि पुन्हा उठून कडीला हात लावून आला. आतून बायकोचा आवाज आला, "लागेल शे कडी. मी दखी शे." तो ओशाळून हसला. म्हणाला, सवय पडी गयी. पुढे बोलण्यात आलं की घरात गॅसची टाकी बदलायची तर बायको बदलते, पोराची सायकल बिघडायची तर दुकानात न्यायची. घरात पाना म्हणून त्याने कधी हातात घेतला नव्हता. नोकरी संपली त्या दिवशी हत्यारांची पेटी भाच्याला देऊन टाकली होती. "मन्हा हातवर मन्हा भरोसा ऱ्हायना नही, साहेब," तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. गुडघे दुखतात असं सांगावं, तसं सांगितलं.

मी आबांकडे पाहिलं. तोवर त्यांना वाटत होतं की या माणसाची फक्त बढती गेली.

आबा खाटेवर बसले नाहीत. खिशातला कागद त्यांनी काढला, उघडला, आणि न वाचताच त्याच्या हातात दिला. "माझ्या सहीचं आहे. कुठे दाखवायचं ते तुम्ही ठरवा. पण आधी तोंडाने सांगतो," ते म्हणाले. आणि सांगितलं. त्या रविवारी दहाचं रीडिंग मी जागेवर जाऊन घेतलं नाही. साडेनऊला भरलं आणि टीव्ही पाहायला गेलो. भोंगा झाल्यावर पहिला मी पोचलो. तेलाच्या नळीचा नट मी हाताने पाहिला. नट घट्ट होता. हे मी चौकशीत सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझं रीडिंग खोटं ठरलं असतं.

मला वाटलं, फिटर बढतीचं विचारेल, किंवा उठून मारेल. त्याने मांडीवरच्या शेंगा सुपात काढून ठेवल्या.

"म्हंजे नट मी कसेल व्हता?"

"हो."

"तुम्ही हात लाईसन दखा व्हता?"

"हो. दोन्ही हातांनी. हलला नाही."

त्याने आत हाक मारली. बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "साहेब, परत सांगा," तो म्हणाला. "हिले सांगा."

आबांनी परत सांगितलं. पहिल्यापासून, एकही शब्द न बदलता. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. झाल्यावर तिने नवऱ्याकडे नाही, आबांकडे पाहिलं. "अठ्ठावीस वरीस व्हयनात. यास्ना मांगे मी उठीसन कडी दखस," ती म्हणाली. "तुमले येवाले इतला येळ लागना?"

"हो," आबा म्हणाले.

तिने डोळ्यांना पदर लावला आणि आत गेली. फिटर अजून खाटेच्या काठावर तसाच बसला होता, आपले दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून. मग म्हणाला, "पोऱ्याले फोन लाव वं." मुलगा सुरतेला कारखान्यात होता. बायकोने आतूनच लावून फोन आणून दिला. त्याने पलीकडे एवढंच सांगितलं की साहेब आपला घर उनात, काय म्हनतस ते ऐक, आणि फोन आबांच्या हातात दिला.

आबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. उभ्यानेच. फोन दोन्ही हातांनी धरला होता, आवाज नीट होता. वेळ, काय झालं, कोणी केलं. आबांनी फोन परत दिला.

फिटरने तो कानाला लावला. "ऐकं का?" तो मुलाला म्हणाला. "नट घट्ट व्हता."